बारा मुलांचा वर्ग कोणाला परवडतो?

इंग्लंडच्या सरकारी शाळांत ३१ मे ही तारीख सगळ्या स्टाफरूमला पाठ असते. सप्टेंबरचं नवं वर्ष दुसरीकडे सुरू करायचं असेल तर राजीनामा त्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. त्यामुळे मेच्या मध्यावर चहाच्या किटलीभोवती कुजबुज सुरू होते. कोण दुबईला चाललंय, कोणाला व्हिएतनामहून बोलावणं आलंय, कोण नवराबायको मिळून केनियाला निघालेत. कारणंही ठरलेली असतात. वर्गात तीसऐवजी बारा मुलं, राहायला घर, वर्षातून एकदा विमानाचं तिकीट, डोक्यावर तपासणी नाही, वह्यांचे ढिगारे नाहीत. आणि शेवटी, 'तिथे निदान शिकवता तरी येतं.'

हेच म्हणत मीही गेले. इंग्लंडच्या मध्य भागातल्या, मिडलंड्समधल्या एका मोठ्या सरकारी माध्यमिक शाळेत काही वर्षं गणित शिकवलं आणि मग टांझानियाच्या उत्तरेकडच्या एका लहान इंटरनॅशनल शाळेत रुजू झाले. आता पुण्या-नाशिककडची बीएड झालेली मुलं-मुली विचारतात, 'मॅडम, यूके की इंटरनॅशनल?' प्रश्न आता नुसता हौसेचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना इंग्लंडची शिक्षकपात्रता थेट अर्ज करून मिळू शकते. त्याच वर्षी भौतिकशास्त्र आणि भाषांच्या परदेशी शिक्षकांना स्थलांतरासाठी १०,००० पौंड देण्याची योजनाही सरकारने काढली, कारण त्यांना घरचे शिक्षक पुरत नव्हते. दुसरीकडे आखातापासून आफ्रिकेपर्यंतच्या इंटरनॅशनल शाळा आहेतच. दोन्ही दारं उघडी दिसतात म्हणून मुलं विचारतात, आणि माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही.

माझं म्हणणं असं की लहान इंटरनॅशनल शाळेतलं शिक्षकाचं सुख बऱ्याच अंशी दार लावून घेतल्यामुळे मिळतं, आणि ब्रिटिश सरकारी शाळेतला ताप बऱ्याच अंशी दार उघडं ठेवल्यामुळे होतो. एका पारड्यात नुसतं सुख आणि दुसऱ्यात नुसता ताप टाकून केलेली तुलना फसवी आहे.

आधी तापाबद्दल, कारण तो खोटा नाही. इंग्लंडमधल्या सरकारी शिक्षकाच्या सेवाशर्तींत वर्षाला १९५ दिवस आणि १,२६५ तास असा हिशोब लिहिलेला असतो. ऐकायला सुटसुटीत. पण त्याच कागदात, कर्तव्यं पार पाडायला लागतील तितके 'वाजवी' जादा तास अशीही सोय करून ठेवलेली आहे, आणि शिक्षकाच्या संध्याकाळी सगळ्या त्या कलमात जातात. सरकारच्याच पाहण्यांत पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ५० तासांच्या पुढे गेलेला दिसतो. २००५ पासून शिकवण्याच्या वेळेपैकी दहा टक्के वेळ तयारीसाठी आणि वह्यांसाठी राखून ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन-अडीच तास. तेवढ्यात एका वर्गाच्या वह्या नीट बघून होतात, आणि माध्यमिकच्या शिक्षकाकडे असे अर्धा डझन वर्ग सहज असतात. नव्याने आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पाच वर्षांत सरकारी शाळा सोडतात, हे त्यामुळेच कोणाला नवल वाटत नाही.

वह्यांचा प्रकार तर सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे शिक्षकाने हिरव्या पेनाने शेरा लिहायचा, मुलाने जांभळ्या पेनाने त्याला उत्तर द्यायचं आणि मग शिक्षकाने ते उत्तर वाचल्याची पुन्हा हिरव्या पेनाने खूण करायची. गणितात बहुतेक चुका मुलाच्या शेजारी बसून, दोन मिनिटं बोलून सुटतात. पण बोलणं वहीत दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून रबरी शिक्के होते: 'तोंडी मार्गदर्शन केले.' मुलाशी बोललात याचा पुरावा ठेवायला बोलणं थांबवून शिक्का मारायचा. तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने, म्हणजे १९९२ साली कायद्याने उभ्या राहिलेल्या सरकारी यंत्रणेने, आम्ही असलं काही मागत नाही असं लेखी कळवलं होतं. २०१६ मध्ये सरकारने नेमलेल्या गटानेही या बारीक तपासणीवर कोरडे ओढले. शिक्के मात्र ड्रॉवरमध्ये राहिले. वरून मागितलेलं नसतानाही खालच्यांनी भीतीपोटी करून ठेवायचं, हे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 'साहेब येणार' म्हटल्यावर भिंती रंगवून घेणाऱ्या मुख्याध्यापकांना समजावून सांगायची गरज नाही.

ही भीती किती खोल जाते ते रेडिंगमधल्या कॅव्हरशॅम प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांच्या मृत्यूने सगळ्या देशाला दिसलं. नोव्हेंबर २०२२ मधल्या तपासणीत शाळेचा दर्जा सर्वोच्च श्रेणीवरून थेट तळाच्या श्रेणीवर आणला गेला. अहवाल जाहीर होण्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. तपासणीचा त्यात वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२३ मध्ये नोंदवला. अख्ख्या शाळेवर एका शब्दाचा शिक्का मारायची पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या अंगांचं प्रगतिपुस्तक आलं. त्यातही पाच पायऱ्या आहेतच. फरक किती पडेल हे शाळेत राबणाऱ्यांना विचारावं, मंत्र्यांना नव्हे.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग पळून जाणाऱ्यांचं चुकतं काय? पण या सगळ्या तापाची एकच जात नाही. शिक्के आणि जांभळी पेनं अविश्वासातून आली आहेत. ती उद्या सकाळी कचऱ्यात टाकली तरी एकाही मुलाचं नुकसान होणार नाही. दुसरा ताप वेगळ्या जातीचा आहे.

बारा वर्षांचा एक मुलगा सोमवारच्या पहिल्या तासाला टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. असं सलग तीन सोमवार झालं. ब्रिटिश शाळेत अशा गोष्टीची नोंद संगणकावर करावी लागते, आणि ती करायची रीत शिकवलेली असते: काय पाहिलं ते लिहा, तुम्हाला काय वाटतं ते नको. मी तीन ओळी लिहिल्या आणि पुढच्या वर्गाला पळाले. खरं सांगायचं तर वैतागून लिहिल्या. नंतर कळलं की त्याच्या नावावर आणखी नोंदी होत्या. खेळाच्या शिक्षकाने लिहिलं होतं की बूट नाहीत म्हणून तो दर वेळी काहीतरी निमित्त काढतो. जेवणघरातल्या बाईंनी लिहिलं होतं की शुक्रवारी तो पाव खिशात घालून नेतो. एकेक नोंद क्षुल्लक होती. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्या बाईंवर होती त्यांनी त्या एकत्र वाचल्या तेव्हा त्या घरात शनिवार-रविवारी काय चालतं याचं चित्र उभं राहिलं. मग सकाळच्या नाश्त्याची सोय झाली, समाजसेवा खात्याचा माणूस घरी जाऊन आला. त्या मुलाच्या घरचं कोणी शाळेत तक्रार घेऊन कधी आलं नसतं. त्याच्या वतीने बोलायला एक कायदा, एक संगणक आणि तीन वैतागलेली माणसं होती.

माझ्या लेखी इंग्लंडच्या सरकारी शाळेचं मोल इथे आहे. प्रवेशाच्या नियमात सगळ्यात वरचा हक्क सरकारच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या, म्हणजे आई-बापांजवळ राहू न शकणाऱ्या मुलांचा असतो. २०१४ च्या कायद्यानुसार विशेष गरजांच्या मुलासाठी जो आराखडा बनतो त्यात शाळेचं नाव आलं की त्या शाळेला मूल घ्यावंच लागतं. साधारण चौथा हिस्सा मुलं मोफत जेवणाला पात्र आहेत, आणि २०११ पासून गरीब घरच्या मुलांमागे शाळेला जादा निधी मिळतो. ही व्यवस्था सुरळीत चालते असं मी म्हणणार नाही. आराखड्याला २० आठवड्यांची मुदत आहे आणि निम्म्याच्या आसपास प्रकरणांत ती उलटते. नगरपालिकांचे पैसे संपलेत, मदतनीस मिळत नाहीत. तरीही तीस मुलांच्या वर्गात दोघांना इंग्रजी येत नाही, तिघांचे आराखडे आहेत, एकजण महिन्यात दोनदा घर बदलतो, असा जो जड वर्ग शिक्षकाच्या वाट्याला येतो तो जड आहे याचं कारण कोणालाही बाहेर ठेवलेलं नाही.

आता लहान शाळेकडे वळते, आणि तिचं कौतुक कंजुषी न करता करते. शाळेत दीडेकशे मुलं. दोन इयत्तांचा मिळून एक वर्ग, त्यात अकरा-बारा मुलं आणि घरी बोलल्या जाणाऱ्या सात-आठ भाषा. आयजीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, गणिताला चारजण, वरच्या इयत्तेत ए-लेव्हलला, म्हणजे बारावीसारख्या परीक्षेला, एकटी मुलगी. तिच्या परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये ती, एक पर्यवेक्षक आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच. पण केंब्रिजच्या प्रश्नपत्रिकेचं पाकीट कुलपातून काढण्यापासून ते उत्तरपत्रिका सीलबंद करण्यापर्यंतचे सोपस्कार चारशे मुलांच्या केंद्रात होतात तेच. परीक्षा अधिकारी मी, वेळापत्रक करणारी मी, बुधवारी बसपाशी उभी राहणारीही मीच. लहान शाळेत शिक्षकाचं काम कमी असतं ही समजूत चुकीची आहे. कामं जास्तच असतात, फक्त ती कोणासाठी करतो ते दिसत असतं.

आमचं मैदान उताराचं होतं. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस, मसिका, आणि त्या दिवसांत गोलपोस्टापाशी तळं साचायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मी कोनमापक, दोरी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दिली आणि मैदानाची पातळी मोजायला लावलं. तीन आठवडे तेच चाललं. उतार, गुणोत्तर, स्पर्शक, प्रमाणातला नकाशा, सगळं त्यात आलं. शिवाय दोन गटांची मापं जुळेनात तेव्हा चूक कुठे झाली यावरून भांडणंही झाली, ती सगळ्यात कामाची. मुलांनी चर कुठून काढायचा ते आखलं आणि शाळेच्या माळ्याने, त्याला शंका होती तरी, तिथेच तो खणला. पाणी बऱ्यापैकी वाहून गेलं. या तीन आठवड्यांत एकाही माणसाने मला विचारलं नाही की आजच्या तासाचं उद्दिष्ट फळ्यावर का लिहिलेलं नाही. मिडलंड्समध्ये हे शक्य नव्हतं. तिथे त्या आठवड्यात कोणता धडा व्हायला हवा ते सगळ्या विभागासाठी आधीच ठरलेलं असायचं.

तेव्हा बारा मुलांच्या वर्गात शिकवण्याचा कस लागतो, आणि तो आनंद खरा आहे. प्रश्न आहे तो या बारांत कोण नाही हा.

एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मूल कमी बोलायचं, आवाज झाला की कान झाकायचं. बाईंची फी भरायची तयारी होती, शिवाय स्वतःच्या खर्चाने मदतनीस ठेवायची तयारी होती. दोन दिवसांनी त्यांना कार्यालयातून चार ओळींचं सभ्य पत्र गेलं: आपल्या पाल्याला न्याय देता येईल अशा सोयी सध्या आमच्याकडे नाहीत. मी सुचवून पाहिलं की घेऊया, जमेल. उत्तर मिळालं की एक मूल घेतलं तर दुसरे पालक नाराज होतील, आणि दुसऱ्या पालकांमध्ये संचालक मंडळावरचे दोघे होते. बेकायदा काही झालं नव्हतं. त्या शाळेला कोणालाही नाकारायचा अधिकार होता. तो वापरला जातो म्हणूनच ती शाळा इतकी शांत होती.

या शाळेची वर्षाची फी तिथल्या सरकारी शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराहून कितीतरी जास्त. भरतात कोण? सफारी कंपन्यांचे मालक, खाणवाले, मदतसंस्थांचे आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयांचे लोक. मूल येतं ते कोणाच्या तरी बदलीबरोबर आणि जातं तेही बदलीबरोबरच. उत्तर टांझानियातल्या अरुशा शहरात रवांडाच्या नरसंहाराचे खटले चालवणारं न्यायाधिकरण १९९५ पासून २०१५ च्या अखेरीपर्यंत होतं. अशी कार्यालयं उघडतात तेव्हा शाळा भरतात आणि मिटतात तेव्हा रिकाम्या होतात. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था गुंडाळली तेव्हा त्या पगारांवर उभ्या असलेल्या फिया एका फटक्यात धोक्यात आल्या. दीडशे मुलांच्या शाळेतून वीस मुलं गेली की एक शिक्षक जातो. हिशोब इतका सरळ आहे. मग पालक हा पालक राहत नाही, गिऱ्हाईक होतो, आणि शिक्षकाला ते गुण देताना जाणवतं. विद्यापीठाच्या अर्जासाठी अपेक्षित श्रेणी लिहून द्यायची असते तेव्हा 'बघा जरा' असा निरोप येतो. ब्रिटिश शाळेत तपासनीस छळतो, पण तो मुलाचा बाप नसतो.

या गोष्टीचं तिसरं अंग सहसा कोणी बोलत नाही. टांझानियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, ज्युलियस न्येरेरेंना, लोक 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. ते खरोखर शिक्षक होते. त्या देशात आमच्या शाळेतल्या टांझानियन बाई, पंधरा वर्षं लहान मुलांना शिकवलेल्या, कागदोपत्री 'सहायक' होत्या. इंग्लंडहून नुकता पदवी घेऊन आलेला तेवीस वर्षांचा मुलगा मुख्य वर्गशिक्षक. वाचनात अडखळणारं मूल नेमकं कुठे अडतं हे त्याला त्या बाईच सांगत. सकाळी मुलं त्यांना 'शिकामू' म्हणून आदराने नमस्कार करत आणि त्या 'मराहाबा' म्हणत. पगाराच्या तक्त्यात मात्र त्यांचा स्तंभ वेगळा होता. एक परदेशी नेमणुकीचा, एक स्थानिक. घर, तिकीट, विमा पहिल्यालाच. मी कुठे बसत होते? मधेच. अनुभव ब्रिटिश आणि पासपोर्ट भारतीय. मला परदेशी स्तंभ मिळाला तो इंग्लंडमधल्या नोकरीमुळे. तेच बीएड घेऊन कोणी थेट महाराष्ट्रातून आलं असतं तर कुठल्या स्तंभात टाकलं असतं याची मला फारशी शंका नाही. आखातात आणि पूर्व आशियात नोकरीच्या जाहिरातीत कोणत्या देशांचे पासपोर्ट चालतील याची यादी आजही उघड छापलेली सापडते. इंग्लंडमध्ये वंशभेद नाही असं मुळीच नाही. पण तिथे सरकारी शाळेत वेतनश्रेणी छापील आहे, २०२५ च्या सप्टेंबरपासून लंडनबाहेर नव्या शिक्षकाला किमान ३२,९१६ पौंड, आणि त्यासाठी पासपोर्टचा रंग बघत नाहीत. निवृत्तिवेतनासाठी शाळेला पगाराच्या २८ टक्क्यांहून जास्त रक्कम भरावी लागते. संघटना आहे, ती २०२३ मध्ये रस्त्यावर उतरली आणि वेतनवाढ घेऊन आली. दुबईत करमुक्त पगाराचं अप्रूप वाटणाऱ्यांनी शेवटचा हिशोबही बघावा. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, एवढी ग्रॅच्युइटी. लहान शाळेत माणसं दोन-दोन वर्षांच्या करारावर असतात, आणि करार वाढणार की नाही हे ठरवणाऱ्याच्या मुलाला ती गणित शिकवत असतात.

आणि देखरेख? परदेशातल्या ब्रिटिश धाटणीच्या शाळांसाठी इंग्लंडच्या शिक्षण खात्याने मान्य केलेली तपासणीची योजना आहे, शाळांच्या संघटनांची मान्यता आहे. पण हे सगळं ऐच्छिक. दुबईसारख्या शहराने २००६ मध्ये स्वतःचं नियामक मंडळ उभं केलं आणि शाळांना श्रेणी देऊन अहवाल जाहीर केले. बाकी पुष्कळ देशांत परवाना मिळाला की संपलं. याची किंमत मुलांनी मोजली आहे. विल्यम व्हेही हा अमेरिकन शिक्षक १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकांवरच्या गुन्ह्यात दोषी ठरला होता, आणि तरी पुढे चार दशकं वेगवेगळ्या देशांतल्या नावाजलेल्या इंटरनॅशनल शाळांत शिकवत राहिला. प्रकार उघडकीला आला तो २०१४ मध्ये. त्यातली एक शाळा लंडनची होती, तेव्हा ब्रिटिश नियम म्हणजे कवचकुंडलं नव्हेत हेही कबूल. पण त्यानंतर जगभरच्या इंटरनॅशनल शाळांनी मिळून बालसुरक्षेसाठी जो कृतिगट उभारला, शिक्षकाच्या पूर्वेतिहासाच्या ज्या दाखल्यांचा आग्रह धरला, ते सरकारी व्यवस्थेतल्या 'कटकटी'चंच दुसरं रूप आहे. ज्या कागदाला कंटाळून माणसं पळतात तोच कागद नसल्यामुळे तो माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये. आपल्याकडेही 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत शिक्षक निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणांच्या कामाविरुद्ध बोलतात, ते योग्यच आहे. पण त्याच वेळी दार लावून घ्यायची हौस आपल्यालाही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. त्या काळात पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जे लिहिलं जात होतं ('त्या मुलांमुळे वर्गाचा वेग कमी होतो') ते मी टांझानियात इंग्रजीतून ऐकलेलं आहे. पुण्यात २०२३ पासून इंग्लंडच्या वेलिंग्टन कॉलेजच्या नावाची शाळा सुरू आहे. अशा आणखी येतील. त्या चांगलं शिकवतील, यात मला शंका नाही. पण 'ब्रिटिश शिक्षण' म्हणून आपण आयात करतो ते त्या देशातल्या जेमतेम सात टक्के मुलांच्या वाट्याला येणाऱ्या फीवाल्या शाळांचं. उरलेल्या ९३ टक्क्यांना सांभाळणारी शाळा कोणी आयात करत नाही. तिच्यात विकण्यासारखं काही नसतं.

यावर रास्त आक्षेप आहे. तिशीच्या आत थकून पेशाच सोडणाऱ्या शिक्षकाने मुलांचं काय भलं होणार? त्यापेक्षा लहान शाळेत टिकून राहिलेला शिक्षक बरा. हे मला मान्य आहे, म्हणून इंग्लंडच्या सरकारला सांगायचं ते हेच की दारावरचा पहारा आणि वर्गातला पहारा यांत फरक करा. कोणाला प्रवेश नाकारला, कोणतं मूल शाळेतून गुपचूप नाहीसं झालं, कोणाच्या अंगावर वळ होते, याची तपासणी कितीही कडक असू द्या. पण मैदानाची पातळी तीन आठवडे मोजायची की एक दिवस, हे शिक्षकावर सोडा. दीडशे मुलांच्या शाळेला जो विश्वास टाकायला जमतो तो हजार मुलांच्या शाळेला का जमू नये, याला संख्येपलीकडे एकही सबळ उत्तर मला मिळालेलं नाही. लहान शाळेने उलट करावं: वर्गात आज आहे तशी मोकळीक ठेवावी आणि दारावर कोणीतरी परका तपासनीस बोलवावा.

मला विचारणाऱ्या मुला-मुलींना मी क्रम सांगते. आधी इंग्लंडची सरकारी शाळा, तीही शक्यतो अवघड वस्तीतली. नवख्या शिक्षकासाठी तिथे २०२१ पासून दोन वर्षांचा मार्गदर्शनाचा काळ आहे, ठरलेला मार्गदर्शक आहे, कमी केलेलं वेळापत्रक आहे. वर्ग ताब्यात ठेवणं, नोंद लिहिणं, न बोलणारं मूल ओळखणं, हे तिथे शिकता येतं, कारण तिथे त्याला पर्याय नसतो. त्यानंतर हवं तर लहान इंटरनॅशनल शाळेत जा. उलट्या क्रमाने गेलेले मी पाहिलेत. बारा शहाण्या मुलांची सवय झालेल्याला तीसजणांसमोर उभं राहणं फार जड जातं, आणि परदेशातल्या वर्षांचा अनुभव वेतनश्रेणीत किती धरायचा हेही मग प्रत्येक शाळा आपल्या मर्जीने ठरवते.

आणि मुलाखतीत पगार विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती मुलांना प्रवेश नाकारला आणि का. स्थानिक शिक्षकांचा पगाराचा तक्ता कसा आहे. संचालक मंडळावर किती पालक आहेत. मुलाबद्दल काळजीची नोंद कोणाकडे करायची, आणि त्या नोंदीविरुद्ध मुख्याध्यापक गेले तर पुढे कोणाकडे जायचं. मला विचारून गेलेल्या एका मुलीने हे चारही प्रश्न आग्नेय आशियातल्या एका शाळेला विचारले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं गोलमाल आली. चौथ्याचं मात्र नावानिशी, फोन नंबरासकट मिळालं, आणि मी तिला म्हटलं, जा.